डमी गाणारीचं नाव

तुम्हाला आवडणाऱ्या कुठल्याही एका गाण्याचे शब्द कोणी लिहिले, ते सांगता येईल का तुम्हाला? गायिकेचं नाव विचारत नाही. ते तुम्हाला येतंच.

हा प्रश्न मी तीन वर्षं भेटेल त्याला विचारत आले आहे. लोक थोडं थांबतात, हसतात आणि विषय बदलतात. मी ज्यांच्याकडे काम करते त्या स्वतः गीतकार आहेत, जपानी आहेत, साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना या प्रश्नात काडीचा रस नाही. एकदा त्यांच्यासमोरच मी तो पाहुण्यांना विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "गाणं लक्षात आहे ना त्यांच्या? मग त्यांची परीक्षा का घेतेस?"

ऑफिसात सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात. गाण्याच्या क्लासमधल्या शिक्षिकेला आपण 'बाई' म्हणतो, तसं. ऑफिस लंडनच्या हॅरो भागात आहे, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आत शिरताना बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घालायच्या. दिवसभर खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येतो, म्हणून रेकॉर्डिंग शनिवारी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर.

मला तिथे काम मिळालं ते एका पत्रकामुळे. मी कॉव्हेंट्रीत वाढले. बाबा मानसोपचारतज्ज्ञ, आई शाळेत गणित शिकवायची. घरात पुस्तकं होती, पण हाताला आधी लागायची ती पत्रकं. वॉर्ड बंद करू नका, बस बंद करू नका, वाचनालयाचे तास कापू नका. मराठी वाचायला मी बाबांच्या तरुणपणच्या पत्रकांवर शिकले. पुण्याहून येताना त्यांनी एक अख्खी सुटकेस भरून आणली होती, भानामती आणि अंगात येणं यांच्याविरुद्धची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला कमळ आणि बदक यांच्या आधी वाचता येत होते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं कागदाच्या घड्या घालायचो, अंगठ्याच्या नखाने दाबून. प्रत्येक कागदाच्या तळाशी कोणी लिहिलं आणि कोणी छापलं ते असायचंच. "नाव नसलेला कागद म्हणजे अफवा," बाबा म्हणायचे.

कामासाठी अर्ज करताना लिखाणाचा नमुना मागितला होता. माझ्याकडे कविता नव्हत्या. पोहण्याचा तलाव बंद करण्याविरुद्ध लिहिलेलं पत्रक पाठवलं. सेन्सेईंनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेका आहे. पण श्वास घ्यायला जागा नाही. सोमवारपासून ये."

पहिलं काम होतं त्यांचा परिचय लिहिण्याचं. लंडनमध्ये त्या एक मोठा प्रयोग उभा करत होत्या, बुडालेल्या एका गावाची गोष्ट. तीच गोष्ट रंगमंचावर, तीच फोनवरच्या गेममध्ये आणि तीच इंटरनेटवर ऐकायच्या मालिकेत. नाटकाच्या पुस्तिकेत निर्मातीचा अर्धा पानभर परिचय हवा होता. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं.

एकोणिसाव्या वर्षी त्या टोकियोतल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत फोन घ्यायच्या. तिथली रीत अशी की आधी चाल तयार होते, शब्द मागून. आणि मोठ्या गायिकेला गाणं कळावं म्हणून आधी कोणीतरी ते कच्चं गाऊन ठेवतं. मुंबईत याला डमी म्हणतात. गायिका ते ऐकून गाणं बसवते, मग डमी पुसून टाकतात. एके दिवशी डमी गाणारी मुलगी आजारी पडली आणि फोनवरच्या मुलीला माइकसमोर उभं केलं. चाल होती, शब्द नव्हते. सेन्सेईंनी घरी जाण्याच्या मार्गावरची स्टेशनं ओळीने गायली. संगीतकार हसला आणि पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा बोलावलं. मग तो म्हणायला लागला, स्टेशनं नकोत, शब्दांसारखं काहीतरी गा. आठ वर्षं त्या शब्दांसारखं काहीतरी गात राहिल्या. त्यातलं बरंचसं इतरांच्या नावावर छापून आलं.

त्यांच्या स्वतःच्या नावाचं पहिलं गाणं पंधरा सेकंदांचं होतं, बिस्किटांचं. त्यानंतर मुलांच्या कार्टून मालिकेचं शेवटचं गाणं, ज्यात दीड मिनिटात पोरांना समजवायचं की आज संपलं आहे पण रडायचं नाही. मग व्हिडिओ गेमची गाणी. तिथे त्या म्हणे खरं लिहायला शिकल्या, कारण खेळणारा हरला की तेच गाणं पुन्हा लागतं आणि तो शंभरदा हरतो. शंभराव्या वेळी त्याला गाण्याचा राग येता कामा नये. गेममधली पात्रं फार वाईट बोलतात असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं, तेव्हा कंपनी म्हणाली, मग तुम्हीच लिहा. संवाद लिहिले. त्या पात्रांवर रेडिओ नाटकं लिहिली. नाटकं रंगमंचावर नेली, त्याच पात्रांच्या पोशाखात गायिका उभ्या करून मैफिली केल्या. अशा त्या निर्माती झाल्या.

"निर्माती म्हणजे नेमकं काय लिहू?" मी विचारलं.

"जिला सगळ्यांचे फोन येतात ती," त्या म्हणाल्या. "पण आधी 'गीतकार' लिही, मग 'निर्माती'. क्रम बदलू नकोस."

मी दोन पानं लिहिली. डमीची आठ वर्षं सगळ्यात वर घातली, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्यांनी तो परिच्छेद पेन्सिलीने सरळ खोडला.

"पण हे खरं आहे," मी म्हटलं.

"खरं आहे. माझं आहे. पुस्तिकेला त्याची गरज नाही."

तो खोडलेला परिच्छेद मी टाकून दिला नाही.

लंडनमध्येही त्यांनी तीच पद्धत चालवली. संगीतकाराकडून नुसत्या पियानोवरची चाल यायची. सेन्सेई ती कानात घालून हॅरोची टेकडी चढून यायच्या, एकेक बोट मुठीत दुमडत अक्षरं मोजत. मग ओळीत काय हवं ते मला सांगायच्या आणि मी तात्पुरते इंग्रजी शब्द बसवायचे. ते कोणीतरी डमी गायचं, मग प्रमुख गायिका ऐकायची आणि मग सेन्सेई पक्के शब्द लिहायच्या. डमीसाठी कोणी आहे का, असं त्यांनी विचारल्यावर मी ताईंचं नाव सुचवलं.

ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. साउथहॅम्प्टनच्या एका रुग्णालयात फार्मसीत काम करतात. मुंबईत त्या बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकल्या होत्या. मी त्यांना साउथहॅम्प्टनमधल्या गणपतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं, समोशांच्या रांगेच्या आवाजावर मात करून गाताना. पहिल्या शनिवारी त्या सपाता घालून आत आल्या आणि मला मराठीत म्हणाल्या, "बूट काढायला लावतात म्हणजे माणसं चांगली असणार."

सेन्सेईंनी त्यांना एकच गोष्ट सांगितली. सजवू नका. मुरकी नको, मींड नको, जागा सोडा. बारा वर्षं जे कमावलं ते दाराशी बुटांबरोबर काढून ठेवायचं होतं. ताईंना दोन महिने लागले. त्यांची पेरांवर मात्रा मोजायची सवय, सेन्सेईंची बोटं दुमडायची. दोघी समोरासमोर बसून एकच ओळ आपापल्या हातावर मोजायच्या आणि शेवटी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. मी तिथे असून नसल्यासारखी. जेवणाच्या वेळी ताई फॉइलमधला चिवडा काढायच्या. सेन्सेई त्यातले शेंगदाणे चॉपस्टिक्सने वेचायच्या. ताई म्हणायच्या, "अगं, सांग त्यांना, असा चिवडा खाल्ला तर संपायला मार्च उजाडेल."

तिसऱ्या अंकात एक लांब ओळ होती. कोणाच्याच श्वासात बसेना. ताईंनी तिच्या मध्यावर, वाक्य जिथे कधीच थांबलं नसतं अशा ठिकाणी, बारीकसा श्वास घेतला. ओळ एकदम उभी राहिली. माझ्या कागदावर मी तिथे खूण केली. दोन आठवड्यांनी प्रमुख गायिकेचं रेकॉर्डिंग ऐकलं. श्वास त्याच जागी होता, तेवढ्याच लांबीचा.

त्याच सुमारास ताईंनी सेन्सेईंना एक विचारलं. मी शेजारीच होते. यानंतरच्या नव्या प्रयोगात नावाड्याच्या बायकोची भूमिका होती, एकच गाणं असलेली. ताई म्हणाल्या, "मला एकदा ऐकाल का? डमी म्हणून नाही. माझं म्हणून."

सेन्सेईंनी लगेच उत्तर दिलं. "हा प्रयोग सुरू झाला की ऐकते. तोपर्यंत कोणाजवळ बोलू नका."

परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये, बेकर स्ट्रीट आल्यावर ताई म्हणाल्या, "एक्केचाळिसाव्या वर्षी ऑडिशन. आईने ऐकलं तर म्हणेल, डोकं फिरलंय." पण त्या दिवसापासून त्या पहाटे पाचला उठून रियाज करायला लागल्या, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन.

मला 'कोणाजवळ बोलू नका' खटकलं. ज्यांनी आठ वर्षं डमी गायलं त्याच बाई दुसऱ्या डमी गाणारीला लपवून ठेवतात, असं मला दिसलं. पुस्तिकेचा मजकूर छपाईला जाणार होता. त्यात वेशभूषेच्या इस्त्रीवाल्याचं नाव होतं, ताईंचं नव्हतं. मी विचारलं.

"रीत नाही," सेन्सेई म्हणाल्या.

"रीत चुकीची आहे."

"असेल. गायिकेला गाणं आपलं वाटावं लागतं. आधीच्या आवाजाला नाव दिलं की ते दुसऱ्याचं होतं. मग ती गात नाही, नक्कल करते."

"ती नक्कलच करते आहे. श्वाससुद्धा."

"ते तुला ऐकू आलं हे चांगलं आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

शुक्रवारी मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"मग लिही की," बाबा म्हणाले. "एका पानात बसव. दोन पानं कोणी वाचत नाही."

"नाव घालू ना ताईंचं?"

"नावाशिवाय काय अर्थ आहे? अगं, मुद्दाच नावाचा आहे ना."

आमच्या घरात वॉर्डाबद्दल लिहिताना वॉर्डाला विचारावं लागत नसे, बसबद्दल लिहिताना बसला. माणसाबद्दल लिहिताना काय करायचं हा प्रश्न त्या टेबलावर कधी आलाच नव्हता. बाबांना सुचला नाही. मलाही नाही. खरं सांगायचं तर मला थोडासा सुचला होता. ताईंना विचारलं तर त्या नको म्हणतील, असं मनात येऊन गेलं आणि म्हणूनच मी विचारलं नाही.

सोमवारी तालमीच्या आधी तीस खुर्च्यांवर तीस कागद ठेवले. वर ठळक अक्षरांत, या ओळीतला श्वास कोणाचा आहे? खाली ताईंचं पूर्ण नाव, गाव, रुग्णालय, किती शनिवार त्या आल्या, कोणती ओळ, कोणतं अक्षर. मग मागणी, की त्यांचं नाव पुस्तिकेत छापा. तळाशी माझं नाव. लिखाण म्हणून ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. श्वास घ्यायलाही जागा होती.

प्रमुख गायिकेने ते उभ्याने वाचलं, घडी घालून पाण्याच्या बाटलीखाली ठेवलं आणि तालमीला उभी राहिली. तिसऱ्या अंकातली ती ओळ आली तेव्हा तिने श्वास वेगळ्या जागी घेतला. ओळ मोडली. पुन्हा केली, पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा तिने श्वास घेतलाच नाही, शेवटचे दोन शब्द नुसते ओठांनी म्हटले. पियानोवाला थांबला.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मला माहीतच नव्हतं त्या कोण आहेत," ती म्हणाली. "मला येऊन सांगायचंस. मी त्यांना जेवायला नेलं असतं. आता मी ती ओळ म्हणताना तीस माणसं माझ्या छातीकडे बघणार."

दोन दिवसांत तिच्या एजंटचं पत्र आलं. यापुढे कच्ची रेकॉर्डिंग होणार नाहीत, असलेली पुसून टाकावीत. पैसा लावणाऱ्या भागीदारांनी पुढचं जोडलं. या वादातल्या कोणालाही पुढच्या प्रयोगाच्या निवडीत बसवू नये, हा प्रयोग चालू आहे तोवर तरी. नावाड्याच्या बायकोची निवड त्याआधीच व्हायची होती.

सेन्सेईंनी ती दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवली. माझं पत्रकही त्यांच्या टेबलावर होतं, पेन्सिलीचा एकही शेरा नसलेलं.

"यातलं एकही वाक्य खोटं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ते मागे घेता येत नाही."

"तुम्ही त्यांना सांगू शकता ना, की ताईंना काही माहीत नव्हतं?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग त्यांनी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल इतकं कोणाला कळलं?"

मी म्हटलं, "त्या आठ वर्षांत कोणी तुमचं नाव दिलं असतं, तर तुम्हाला आवडलं नसतं?"

"पहिल्या वर्षी दिलं असतं तर मी कायमची डमी गाणारी झाले असते. लोकांच्या डोक्यात एका माणसाला एकच जागा असते." त्यांनी कागद उलटा ठेवला. "मला माझी जागा ठरवायची होती. ताईंनाही. म्हणून मी म्हटलं, बोलू नका. मी त्यांना लपवत नव्हते. त्यांची पहिली ओळख रिकामी ठेवत होते." आणि मग, जराही आवाज न चढवता, "फोन करू नकोस. जाऊन सांग."

मी दुसऱ्या दिवशी साउथहॅम्प्टनला गेले. ताईंच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसलो. कागदाची एक प्रत मी बरोबर नेली होती. त्यांनी ती सावकाश वाचली, औषधाच्या चिठ्ठीसारखी, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून.

"छान लिहितेस तू," त्या म्हणाल्या. "हे अक्षरसुद्धा बरोबर सांगितलंयस. मला स्वतःला माहीत नव्हतं मी तिथे श्वास घेते ते."

मग मी दोन्ही पत्रांत काय होतं ते सांगितलं. त्यांनी सँडविचचं पाकीट उघडलं आणि परत बंद केलं.

"म्हणजे ऐकणार नाहीत मला."

"या वेळी नाही."

"या वेळीच होतं गं ते." मग त्या म्हणाल्या, "नाव माझं होतं ना? मग मला वाचून का नाही दाखवलंस? पन्नास वेळा आपण ट्रेनमध्ये शेजारी बसलो."

"मला वाटलं तुम्ही नको म्हणाल."

"म्हणालेच असते."

पलीकडच्या टेबलावर त्यांच्या सोबतच्या दोघीजणी होत्या. त्यांतली एक हात हलवून म्हणाली की तू गातेस हे आम्हाला माहीतच नव्हतं, कोणीतरी फोटो पाठवला. ताई त्यांच्याकडे बघून हसल्या. तो फोटो माझ्याच कागदाचा होता.

मी म्हटलं, "मी माफीचं पत्रक काढते. सगळ्यांना वाटते. सांगते की तुमचा काही संबंध नव्हता."

ताई या वेळी खरोखर हसल्या. "अजून एक? बाई गं, तू बस. चहा पी."

त्या भूमिकेसाठी दुसरी कोणी घेतली गेली. मी तिला ऐकलं आहे, बरी गाते. प्रयोग अजून चालू आहे. ती ओळ आता सेन्सेईंनी बदलली, तिचे दोन तुकडे केले, त्यामुळे तिथे कुणालाही श्वास घेता येतो. ताई शनिवारी लंडनला येत नाहीत. पहाटेचा रियाज चालू आहे का, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसरंच काही बोलायला सुरुवात केली, म्हणून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

डमी गाणाऱ्यांची नावं छापली पाहिजेत असं मला आजही वाटतं. सेन्सेईंशी मी त्यावर अजून वाद घालते आणि त्या अजून 'असेल' म्हणतात. रीत चुकीची आहे, यावरून मी हटलेले नाही. पण ताईंची ऑडिशन त्या रीतीने घालवली नाही. ती मी घालवली.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी तो ताईंना फोनवर पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. पाऊण तास लागला. मधेच त्यांची बस आली, तेव्हा थांबलो आणि त्या बसल्यावर पुन्हा सुरू केलं. त्यांनी दोन ठिकाणी वाक्यं काढायला सांगितली. ती इथे नाहीत. मग म्हणाल्या, "नावं काढ. माझं एकटीचं नको, सगळ्यांचीच काढ. तुझंसुद्धा." बाबांना हे पटलेलं नाही.

तुमच्याकडे या घडीला असा एखादा कागद असेल. अर्ज असेल, निवेदन असेल, फोनवर लिहून ठेवलेली पोस्ट असेल, कोणावर तरी अन्याय झाला म्हणून तळमळून लिहिलेली, आणि त्यात त्या माणसाचं नाव असेल. तो कागद आज त्याच्याकडे घेऊन जा. समोर बसून सगळा वाचून दाखवा, मागणीसकट. आणि तो नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता कागद घरी परत आणा.